अवघड शब्द

चौऱ्याऐंशी साली सौंसरच्या एका दवाखान्यात डॉक्टर रोग इंग्रजीत सांगत, आणि कंपाउंडर देवीदास तो पेशंटला सोपा करून देई.

"ॲनिमिया मंजे अंगात रक्त कमी हाय, बाई. गूळ-फुटाणे खात जाय."

"हायपरटेन्शन मंजे रक्ताचा जोर वाढला, बुवा. लोणचं बंद."

अर्थ कळल्याशिवाय तो कोणाला पायरी उतरू देत नसे.

एक दिवस नागपूरहून त्याच्या बायकोचा, पुष्पाचा, रिपोर्ट आला. वाचून त्यानं तो घडी करून खिशात ठेवला.

"खिशात काऊन ठेवला? काय लिहिलं हाय?"

"मॅलिग्नंट. डॉक्टरी शब्द हाय. तुले नाही समजायचा."



"समजते," पुष्पा म्हणाली. "मागच्या साली माहा भाऊ गेला, तवा तुमीच तर सोपा करून सांगतला होता."