शनिवारची खबर

शनिवारी संध्याकाळी लवूतात्यांनी गॅलरीतून आरोळी ठोकली, "आपलं गायब झालेलं बाकडं समोरच्या चाळीने होळीत रचलंय रे मेल्यांनो! ह्या डोळ्यांनी बघितलं!"

झालं! दोन मिनिटांत वीस काठ्या बाहेर आल्या. लालबागच्या त्या गल्लीत अशी धुमश्चक्री उडाली, की कावळेसुद्धा परळला पळाले. समोरची होळी मोडली, तिघांची डोकी फुटली. आणि बाकडं? ते आपल्याच गच्चीवर, वाळत घातलेल्या गोधड्यांखाली सापडलं.

रविवारी सभा भरली. सेक्रेटरी हर्षवर्धन कडाडला, "चूक सगळी तात्यांची! समोरच्या चाळीत जाऊन ह्यांनीच नाक घासायचं. नाहीतर ते लोक पोलिसात जातायत."

तात्यांची जीभ काही गप्प बसेना. "घासतो की! पण एक सांगा. मी देवमाशावर बसून वरळीहून मालवणला गेलो, तुम्हाला पटलं नाही. बिबट्याला बिडी पाजली, तेही पटलं नाही. चाळीस वर्षांत माझी एक थाप तुमच्या गळी उतरली नाही, मग हीच कशी एका घोटात गेली?"

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून सुंदराबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "अरे हर्ष्या, खबर आली शनिवारी. मग त्या वीस काठ्या तू शुक्रवारीच टेम्पोतून कशाला उतरवल्यास?"