फ-फ-फलाट पाच

“चौकशीच्या खिडकीवर अस्सलखित बोलणारं माणूस लागतं,” साहेब म्हणाले.

“अ... अ... अस्खलित,” धाकटी म्हणाली.

बसस्थानकाच्या साहेबांनी तिचा अर्ज बाजूला सरकवला. वेळापत्रक, भाडं, कुठली गाडी कुठे बदलायची, सगळं तिनं बरोबर सांगितलं होतं. फक्त तिच्या वेगानं.

“अगं, लोक घाईत असतात. तू ‘पाच’ म्हणेपर्यंत गाडी सुटायची. तुझी ताई बघ. इतकी वर्षं आमच्या माईकवर आहे, कधी जीभ अडखळली?”

“म-मला एक दिवस ब-बसवून तर बघा.”

“अख्खा स्टँड माझ्या दारात बोंबलत येईल. प्रवाशांना कळायला नको?”

“आणि क-कळलं तर?”

“तर लगेच नोकरीची ऑर्डर देतो, जा!” साहेब खो खो हसले.

घरी हे ऐकून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून हेच चाललं होतं. लोक धाकटीचं वाक्य तिच्या तोंडातून काढून घेत आणि आपणच पुरं करत, तेही चुकीचं. खरं तर दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर आईसुद्धा फसायची. पण धाकटीचं पहिलं अक्षर अडलं, की ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे जायचं.

“उद्या सकाळची पाळी माझी आहे,” ताई म्हणाली. “माईक आहे, आणि खोलीला आतून कडी आहे.”

“तुझी न-नोकरी जाईल.”

“गेली खड्ड्यात.”

संध्याकाळभर दोघी आरशासमोर बसल्या. एक बोलायची, दुसरी नुसती मान हलवायची.

“फ-फलाट क्रमांक प-पाच...”

मान हलली. नाही. पुन्हा. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी एकदाची मान होकारार्थी हलली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

सकाळी साहेबांचा चहा बशीत सांडला. स्पीकरमधून आवाज येत होता, “प्रवाशांनी क-क-कृपया लक्ष द्यावं... फ-फ-फलाट क्रमांक प-प-पाचवर...”

“तिला कुणी बसवलं माईकवर?” साहेब ओरडले. बाहेर बाकावर बसलेल्यांचे पाय तुडवतच ते फलाटाकडे धावले.

फलाटावर कुणी फिदीफिदी हसलं, एकानं नक्कल केली. पण नक्कल करायची तर वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागतं. हळूहळू माना वर झाल्या. लोक थांबून ऐकू लागले.

“रोजची बाई मशीनगन चालवते हो,” पिशवीवाले आजोबा शेजाऱ्याला सांगत होते. “आज पहिल्यांदा कळलं माझी गाडी कुठे लागते ते.”

गाड्या सोडणारा नियंत्रक शिट्टी खिशात टाकत आला. “साहेब, सगळ्या गाड्या वेळेवर गेल्या. कुणाची चुकली नाही. चौकशीच्या खिडकीवर तर चिटपाखरू नाही.”

“म्हणजे लोकांना कळतंय?”

“शब्दन्‌शब्द.”

साहेब आणखी चिडले. “पण परवानगी कुणी दिली? दोघींनाही घरी पाठवतो!” तणतणत ते जिना चढले आणि माईकच्या खोलीचं दार बडवू लागले.

आतली कडी निघाली. खोलीत ताई एकटीच होती.

साहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाटाच्या मागेही पाहिलं. “कुठे लपवलीस तिला?”

“लपवायची कशाला, साहेब? ती सकाळपासून तुमच्याच केबिनबाहेरच्या बाकावर बसलीय, ऑर्डर घ्यायला,” ताई एका दमात म्हणाली.