वाल्डेराखची मुलं

ऋग्वेदाला पाणी हवं होतं, हे भार्गवीला दिसत होतं. मुलगी दोनदा तोंड उघडून पुन्हा गप्प बसली होती. पाणी मागायचं तर हाक मारायला हवी, आणि हाक काय म्हणून मारायची, तिथेच सगळं अडलं होतं. शेवटी ती उठली आणि सेमिनार रूमच्या कोपऱ्यातल्या मशीनवरून स्वतःच ग्लास भरून घेऊन आली. भार्गवीला पुढे होऊन पाणी देता आलं असतं. तिने दिलं नाही. हट्ट म्हणा, नाहीतर भूक म्हणा, तिला हाक ऐकायची होती.

ऋग्वेदाला सिंगापूरला येऊन पाच दिवस झाले होते. नऊ वर्षांची पोर. ती तीन वर्षांची असताना भार्गवी तिला पुण्यात थोरल्या बहिणीकडे, शैलाकडे ठेवून पीएचडीसाठी जर्मनीला गेली. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे, असं सगळेच म्हणाले. दोनाची चार झाली. मग सिंगापूरची पोस्टडॉक फेलोशिप मिळाली आणि जरा बस्तान बसू दे म्हणता म्हणता आणखी दोन गेली. नवरा, पद्मनाभ, कंपनी पाठवील तिथे फिरत होता. या सगळ्यात ‘आई’ हा शब्द शैलाकडे गेला तो गेलाच. व्हिडिओ कॉलवर ऋग्वेदा शैलालाच आई म्हणायची आणि शैला ओशाळून म्हणायची, “अगं, मावशी म्हण. आई ती बघ, स्क्रीनवर.”

भार्गवीला मात्र या पाच दिवसांत लेकीने कशानेच हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची. शाळेची ॲडमिशन अजून व्हायची होती, पद्मनाभ सकाळीच सेम्बावांगला क्लायंटकडे गेला होता, म्हणून भार्गवीने तिला आज व्याख्यानालाच आणलं होतं. लेकीला आपलं काम कळावं, असंही मनात होतं. इतकी वर्षं कशापायी गेली ते तिला दिसू तर दे.

व्याख्यान वाल्डेराखवर होतं. जर्मनीतला एक मठ आणि त्याच्या भिंतीला चिकटून वाढलेलं गाव. आधी मठ आला. मठाला पाव लागतो म्हणून भटारी आले, कापड लागतं म्हणून विणकर आले. चारशे वर्षं ते गाव मठाच्या घंटेवर उठलं आणि झोपलं. आज त्या मठात हॉटेल आहे. गावातले लोक आपलं एखादं मूल सातव्या वर्षी मठाला देऊन टाकत. आधीच्या इतिहासकारांनी त्या आईबापांना निर्दय ठरवलं होतं. भार्गवीने मठाच्या जुन्या दप्तरांतली धूळ झटकून बरोबर उलटं सिद्ध केलं. मुलं टाकलेली नव्हती, त्यांच्याच भल्यासाठी पाठवलेली होती. हा निष्कर्ष तिला इतका का आवडला, असं विचारण्याचा आगाऊपणा एकाही परीक्षकाने केला नव्हता.

“मठाच्या खिडकीतून मुलाला आपल्या घराच्या धुराड्यातला धूर दिसायचा,” ती इंग्रजीत सांगत होती. “पण घरी जायला परवानगी नव्हती. त्याला एकच वाट होती. सगळ्या मठासमोर उभं राहायचं आणि मठाधिपतींना ‘बाबा’ अशी हाक मारायची. मारली, की एक दिवस घरी जायची मुभा. एवढा एक शब्द, पण काहींना तो जिभेवर यायला चार-चार वर्षं लागली.”

लोक हसले. मागच्या रांगेतून राधिका नावाच्या विद्यार्थिनीने हात वर केला. “मॅडम, मुलं मनापासून म्हणत असतील?”

“मनातलं दप्तरात उतरत नाही,” भार्गवी म्हणाली. “म्हटलं, एवढीच नोंद आहे. मठाला तेवढं पुरत असावं.”

पुन्हा हशा झाला, टाळ्या पडल्या. ऋग्वेदा पहिल्या रांगेत ग्लास हातात धरून टक लावून ऐकत होती. भार्गवीला बरं वाटलं. पोर हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

दोघी एमआरटीच्या मेट्रोने बेडोकला परतल्या आणि घरी जाण्याआधी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, जेवायला बसल्या. दुपारची गर्दी होती, टेबल जेमतेम मिळालं. ऋग्वेदाने पराठ्याचा एक घास मोडला आणि तसाच ठेवला. मग ती उठून उभी राहिली. हात तिने फ्रॉकला पुसले.

“आई!”

इतक्या मोठ्याने, की शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा वळून बघायला लागले. भार्गवीच्या हातातला चमचा खाली पडला. सहा वर्षं. सहा वर्षं ती या एका हाकेसाठी झुरली होती, आणि ती आली ती अशी, भर गर्दीत, सगळ्या जगाला ऐकवत. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात पुढे केले.

“काय गं माझ्या राणी?”

ऋग्वेदा तिच्या हातात आली नाही. तिने आधी आजोबांकडे पाहिलं, मग स्टॉलसमोरच्या रांगेकडे, मग पलीकडच्या टेबलांकडे. सगळ्यांनी ऐकलंय ना, याची तिने नीट खात्री करून घेतली.

“म्हटलं मी,” ती म्हणाली. “आता एक दिवस घरी जाऊ?”