विशीतला चेहरा

"तू खाका वापरला नाहीस?" माझं चित्र बघताच अप्पांचा आवाज चिरकला.

महाराज विशीत असताना अप्पांनी त्यांच्या चेहऱ्याचा खाका चामड्यावर टोचून ठेवला होता. त्याच्या भोकांवर कोळशाची पूड थोपटली, की तोच चेहरा उमटायचा. तेव्हापासून आमचं चितारी घराणं त्यावरच जगत आलं. मला वीट आला होता त्या कधीच न सुरकुतणाऱ्या गालांचा. मी साठीतले महाराज दिसतात तसे काढले.

आता बदलायला वेळ नव्हता. दरबारात महाराज चित्राकडे बघतच राहिले. अप्पा खाका काखेत मारून माझ्या शेजारी उभे होते.

"आबासाहेब!" त्यांनी चित्र कपाळाला लावलं. "शेवटी शेवटी अगदी असेच दिसायचे आमचे वडील. आता शेजारी आम्हाला काढा."

मी मुकाट्याने खाक्यासाठी अप्पांपुढे हात केला.