नदीनच्या कपाळावरची टेंगळं

“मधमाश्या चावल्या म्हणून सांग,” फर्न म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी खदखदून हसली की तिच्या हातातला भरल्या अंड्यांचा ट्रे कलंडता कलंडता राहिला.

“सहा माश्या? एका ओळीत?” नदीनने गाडीच्या आरशात पुन्हा कपाळ पाहिलं. टेंगळं जागच्या जागी होती, वाटाण्याएवढी, लालबुंद. सुरकुत्या जाव्यात म्हणून इंजेक्शनं घेतली आणि हे पदरात पडलं. सुरकुत्या परवडल्या म्हणायची वेळ आली. अर्ध्या तासात बसतील, असं नर्स म्हणाली होती खरी. पण ती बाई स्वतःच दीड तास उशिरा उगवली, त्याला कोण काय करणार?

“अगं, एकोणसत्तर वर्षं वापरलेलं कपाळ,” फर्न म्हणाली, “ते आजच नवं करायची काय हौस आली होती तुला?”

धाकट्या बहिणीला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती विचारत होती. वेंडेल महिन्यातून एकदा चर्चमधल्या ज्येष्ठांच्या जेवणाला यायचा, पुरुषांच्या टेबलाशी बसून ट्रॅक्टरबद्दल बोलायचा आणि उठून जायचा. गेल्या वेळी मात्र जाता जाता म्हणाला होता, “पुढच्या खेपेला तुमच्या समोरची खुर्ची धरून ठेवा.” एवढंच. तेवढ्यावर नदीनने अख्खा महिना काढला होता.

आणि समोरची! शेजारची म्हणाला असता तर एक बाजू दाखवून तरी भागलं असतं.

ती चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बसली, कपाळाला हात लावून, डोकं दुखत असल्यासारखी. वेंडेल सगळ्यात शेवटी आला. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. “कशा आहात?” एवढं पुटपुटून तो समोर बसला आणि मिठाच्या डबीकडे बघत राहिला. झालं, त्याला दिसलं, आता हा जेवून निघून जाणार.

“बसला बाई एकदाचा,” फर्न तिच्या कानात पुटपुटली. “आता हात काढ. थोबाडीत खाल्ल्यासारखी बसलीयस.”

तेवढ्यात पास्टर उभे राहिले. “चला, प्रार्थना करू या.”

पुरुषांच्या टोप्या उतरल्या, डोळे मिटले, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नदीनची गेली नाही. चार तास मान खाली घालायची नाही, औषध भलतीकडे सरकतं, असं नर्सने तीनतीनदा बजावलं होतं. देवा, माफ कर, ती मनात म्हणाली, आज तुझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलते.

पण भिडले ते वेंडेलचे डोळे. तोही ताठ बसला होता. टोपी मांडीवर होती आणि उघड्या कपाळावर टेंगळं. आठ!

“तुम्ही?” नदीन कुजबुजली.

“नर्सकडे तुमच्यानंतर माझाच नंबर होता,” तो हळूच म्हणाला. “तुमची गाडी जाईपर्यंत ट्रकमध्ये आडवा पडून होतो.”

“पण तुम्हाला काय गरज होती मेली?”

“समोर बसायचं होतं ना.”

पास्टर तेव्हा प्रार्थनेत दूरदेशीच्या दुष्काळग्रस्तांपर्यंत पोचले होते. नदीनने ओठ आवळले, रुमाल तोंडाशी धरला, फर्नने टेबलाखालून लाथही घातली. काही उपयोग झाला नाही. ती हसली. मग वेंडेल हसला. पास्टरांनी घाईघाईने आमेन म्हटलं आणि सगळं टेबल माना वर करून या दोघांकडे बघायला लागलं. नदीनला इतका आनंद झाला होता की कपाळ झाकायचंही तिला सुचलं नाही.

हसताना वेंडेलच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, बारीक बारीक, पार कानशिलापर्यंत. नदीन त्यांच्याकडे बघतच राहिली.

“तिथे नाही ना टोचून घेतलं?”

“डोळ्यांशेजारी? ते पुढच्या महिन्यात. वेळ घेऊन ठेवलीय.”

“रद्द कर,” नदीन म्हणाली. “सोमवारी सकाळी पहिलं तेच काम कर.”