तपासणी खालच्या मजल्यावर

नवऱ्याच्या पोटावरची पट्टी लाल व्हायला लागली तेव्हा बायकोने बेल दाबली. कोणी आलं नाही. तिने पुन्हा दाबली, मग बटणावर अंगठा तसाच धरून ठेवला.

"कशाला बोट दुखवून घेताय?" शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, तोंड मात्र मोकळं. "आपल्या सिस्टर खाली नेल्यात सगळ्या. तपासणीवाले आलेत ना, उत्तम शुश्रूषेचं सर्टिफिकेट द्यायला. वर एकच ठेवलीय, ती पलीकडच्या खोल्यांत अडकलीय."

"यांना रक्त येतंय हो आजोबा!"

आजोबांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांची थट्टा तिथेच विरली. ते "सिस्टर! सिस्टर!" म्हणून ओरडू लागले. काल ऑपरेशन झाल्यापासून नवरा निदान कण्हत तरी होता. आता तो नुसता छताकडे बघत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.  बायको जिन्याकडे धावली.

खालची फरशी इतकी पुसलेली होती की ती घसरता घसरता वाचली. वॉर्डच्या दारात तिचे पाय थबकले. प्रत्येक खाटेपाशी एक सिस्टर! एक पेशंट बिचारा आरामात पेपर वाचत होता, तरी त्याची उशी कोणीतरी सारखी करत होतं. एवढी काळजी कधी न मिळाल्यामुळे तो पार अवघडून गेला होता. मधोमध कडक इस्त्रीची मेट्रन, शेजारी तपासनीस बाई, आणि त्यांच्यासमोर हात मागे बांधून वरच्या मजल्यावरची चष्मेवाली सिस्टर. सकाळी नवऱ्याची पट्टी तिनेच बदलली होती.

"ऑपरेशनच्या जखमेतून रक्त यायला लागलं, तर?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"जागच्या जागी दाबून धरायचं आणि डॉक्टरांना बोलवायला दुसऱ्या कोणाला पाठवायचं," चष्मेवाली घडाघडा म्हणाली. "पेशंटला एकटं सोडायचं नाही."

"अगदी बरोबर."

 बायको तर नवऱ्याला एकटं टाकून आली होती.  मेट्रनने तिच्याकडे पाहून डोळे वटारले.

"सिस्टर," ती कशीबशी म्हणाली, "यांची पट्टी... सगळी लाल झालीय."

"वर आहेत ना सिस्टर, त्या बघतील," मेट्रन गोड आवाजात म्हणाली. चष्मेवालीने तिच्याकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला घेऊन दाराबाहेर पडली.

वर आजोबांचा घसा बसला होता, तरी ते ओरडतच होते. सिस्टरने जखमेवर जाड गॉज ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबला. आवाज ऐकून आलेल्या आयाला तिने डॉक्टरांकडे पिटाळलं.

"ताई, श्वास चालू आहे. माझ्याकडे बघा, घाबरू नका."

पण ती स्वतःच घाबरली होती, आणि ते लपत नव्हतं.

तेवढ्यात धापा टाकत मेट्रन दारात आली. रक्त पाहून तिचाही चेहरा उतरला. 

"डॉक्टर येतायत," मग ती हळूच म्हणाली. "सिस्टर, तुम्ही खाली चला. तपासणीच्या बाई सिस्टर मोजतायत. एक कमी भरतेय."

सिस्टरने मान वर केली नाही. तिच्या तळव्यांचा जोर किंचित कमी झाला, का बायकोलाच तसं वाटलं, कोण जाणे. बायको पुढे झाली. तिने आपले दोन्ही हात सिस्टरच्या हातांवर ठेवले आणि अंगातलं सगळं बळ एकवटून ते तिथेच दाबून धरले.