वाक्य तुटेपर्यंत

"कुनीच मधी बोलायचं न्हाई?" चांगुणानं परत विचारलं.

"कुणीच नाही," गावातल्या तपासणी शिबिरासाठी संगमनेरहून आलेले पार्थ सर म्हणाले. "टिक-टिकच्या तालावर या लाकडी पायरीवर चढायचं, उतरायचं आणि माइकवर बोलत राहायचं. काहीही बोला. धाप लागून वाक्य तुटलं की चाचणी संपली. काळीज आणि फुप्फुसं किती दमाची आहेत, त्याचा अंदाज येतो. तोवर कुणी थांबवायचं नाही, कुणी मधे बोलायचं नाही. नाहीतर अंदाज चुकतो."

"सरपंचांनी बी?"

"त्यांनी पण."

चांगुणा रांगेत शेवटून दुसरी होती. ती सरळ पुढं आली.

शिबिराचं उद्घाटन म्हणून सरपंच आप्पासाहेब आधीच चढून-उतरून खुर्चीत बसले होते. "आपल्या गावाचा सर्वांगीण..." इथपर्यंत त्यांचं वाक्य टिकलं. विकास राहिला. मग गोरक्षनाथनं, दुसरं काही सुचेना म्हणून, सासरवाडीच्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या मेव्हण्यापाशी त्याला धाप लागली. सरांनी दोघांनाही 'रोज चालत जा' म्हणून सांगितलं. लोकांना वाटलं, झाली गंमत, आता चहा येईल.

टिक. चांगुणा चढली.

"तर मंडळी, माझी राजनंदिनी पोलीस भरतीची तयारी करती आन् फुडल्या महिन्यात तिला पळून दाखवायचंय आन् आपल्या गावाला मैदान हाय आन् त्या मैदानावर आप्पासाहेबांची कांद्याची चाळ हाय आन् म्हून हे दमाचं शिबिर बी रस्त्यात मंडप टाकून भरलंय..."

मंडपात कुजबुज झाली. आप्पासाहेब हसले. "वहिनी, हा विषय ग्रामसभेत घ्या की."

"आप्पा, मधी बोलू नगा, अंदाज चुकतो!" बायकांमधून कुणीतरी ओरडलं.

आप्पासाहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी प्रामाणिकपणे मान हलवली. चुकतो.

"...आन् ग्रामसभेत मी उठले की टायम संपतो आन् म्हून पोरगी डांबरीवर पळती आन् त्या दिशी मुरमाचा डंपर तिला चाटून गेला आन् कोपरापातुर हात सोलला आन् घरातले म्हनले बास आता पळनं आन् काल ती पळायचे बूट पिशवीत भरून मामाच्या पोरीला द्यायला निघाली आन् मी पिशवी धरून ठिवलीया..."

चांगुणाच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. श्वास आखूड होत चालला होता. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. वाक्य तुटलं की संपलं, तर मग वाक्य संपवायचंच कशाला? हवा लागली की ती 'आन्' जरा लांबवायची आणि त्याच्या आडून श्वास ओढून घ्यायची. सरांना हे कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. कळत असलं तरी त्यांच्या नियमात त्याला मनाई नव्हती.

आप्पासाहेबांनी डोळ्यानं खुणावलं. शिपाई रामहरीनं माइकची वायर उपसली.

झालं उलटंच. माइक होता तोवर लोकं आपापसात बोलत होती. आता बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले, चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला, आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठून पुढं येऊन उभी राहिली. सरांच्या मोबाईलची टिक-टिक तेवढी चालू होती.

"सर, थांबवा हो," आप्पासाहेब म्हणाले. "बाईमानूस हाय. चक्कर बिक्कर आली तर जबाबदारी कुनाची?"

सरांनी चांगुणाच्या बोटाला लावलेल्या, नाडी मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा पाहिला.

"ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "वाक्य तुटलेलं नाही."

"...आन् आप्पा माझ्या चक्करची काळजी तुमी करू नगा आन् चाळ कधी हलवनार तेवढं सांगा..."

"हलवू की!"

"...आन् कधी..."

"कांदा विकला की!"

"...आन् कांदा कधी विकनार..."

"भाव आला की!"

आधी एकजण हसला. मग सगळा मंडप हसला. हसणाऱ्यांत ज्यांच्या घरी कांदा पडून होता ते जास्त मोठ्यानं हसले. आप्पासाहेबांनाही हसू आलं. त्यांनी खुर्चीत पाय लांब केले, मिटलं म्हणून.

चांगुणा हसली नाही. हसण्याएवढी हवा तिच्याकडं शिल्लक नव्हती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. 'आन्' आता धाग्याएवढा बारीक झाला होता.

"...आन् मंग," ती म्हणाली, "मी भाव येईस्तवर चढते आन्..."

टिक. चढली. टिक. उतरली.

हसू हळूहळू ओसरलं. आप्पासाहेबांनी पाय परत आत घेतले. सरांनी मोबाईल चार्जिंगला लावून टिक-टिक चालू ठेवली.

रांगेतून रंगुबाई बाहेर आली. कडेवरचं पोर तिनं शेजारणीच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि पायरीच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली.

"दम सरला की सांग गं," ती चांगुणाला म्हणाली. "तिथून फुडं मी चढते."